दहा तोफा, आठ तोफा, सहा तोफा: जुन्या क्रूझरांच्या विमानविरोधी रूपांतराचे प्रकरण

१९३५ साली ब्रिटिश नौदलाकडे ‘सी’ वर्गाच्या शेवटच्या तीन मालिकांतल्या तेरा हलक्या क्रूझर उरल्या होत्या. पहिल्या महायुद्धासाठी बांधलेली ही जहाजे साधारण १३७ मीटर लांब, जेमतेम १३ मीटर रुंद आणि ४,२०० टनांच्या आसपास वजनाची होती. मध्यरेषेवर एकामागे एक पाच तोफा, त्या सहा इंची (म्हणजे नळीचा आतला व्यास सहा इंच), आठ टॉर्पेडो नळ्या आणि नवी असताना २९ नॉटांचा (ताशी सुमारे ५४ किलोमीटर) वेग. उत्तर समुद्रात विनाशिकांच्या पुढे धावायचे, शत्रू दिसला की मुख्य ताफ्याला कळवायचे, एवढ्यासाठी ती बांधलेली. पंधरा-सोळा वर्षांत ते काम संपले. नव्या क्रूझरांपुढे सहा इंची पाच तोफांना कोणी विचारत नव्हते, आणि त्या तोफांची नळी वीस-तीस अंशांपलीकडे वर उचलत नसल्याने विमानांपुढे त्या बिनकामाच्या होत्या.

यांतल्या सहा क्रूझर १९३५ ते १९४० या काळात विमानविरोधी जहाजे बनल्या: कॉव्हेंट्री, कर्ल्यू, कैरो, कलकत्ता, कार्लाइल आणि क्युरासोआ. त्यांपैकी पाच दुसऱ्या महायुद्धात बुडाल्या आणि सहावी दुरुस्तीपलीकडे मोडली. एवढेच वाचून ‘प्रयोग फसला’ असा शेरा मारणारे बरेच भेटतात. मला तो मान्य नाही, पण ‘गरिबीतला हुशार तोडगा’ म्हणून केलेले कौतुकही पटत नाही. रूपांतराच्या प्रत्येक फेरीत जहाजावरच्या मोठ्या तोफा कमी होत गेल्या. पहिल्या फेरीत त्या दहा होत्या, दुसरीत आठ, शेवटच्या फेरीत सहा. आणि जे एक जहाज अमेरिकेत जाऊन आले त्याच्यावर फक्त पाच. तरी जहाज दर वेळी आधीच्यापेक्षा चांगले होत गेले. नौदलाला काय उमगले आणि ते कधी उमगले, हे या आकड्यांवरून कळते.

घाई कशाची होती

१९३५ च्या उन्हाळ्यात मुसोलिनीची नजर ॲबिसिनियावर (आजच्या इथिओपियावर) होती. इटलीशी युद्ध पेटलेच तर ब्रिटनच्या भूमध्य ताफ्याला इटालियन हवाईदलाच्या टप्प्यात वावरावे लागणार होते. माल्टा सिसिलीच्या इतके जवळ की ताफा तिथून हलवून अलेक्झांड्रियाला न्यावा लागला. मोठ्या युद्धनौकांवर विमानविरोधी तोफा होत्या, पण मोजक्या. ताफ्याभोवती उभे राहून आकाशाकडेच तोंड करून बसेल असे जहाजच नव्हते.

नवे जहाज बांधायचे तर वेळ लागणार होता. ज्या डायडो वर्गाची पुढे ‘विमानविरोधी क्रूझर’ म्हणून ख्याती झाली, त्याचे पहिले जहाज सेवेत यायला १९४० उजाडले. त्यातच १९३० च्या लंडन तहाने क्रूझरांच्या एकूण टनांवर मर्यादा घातली होती, त्यामुळे मनात आले म्हणून जहाज वाढवता येत नव्हते. जुन्या क्रूझर मात्र हाताशी होत्या. सांगाडा, यंत्रे, खलाशांच्या राहण्याची सोय सगळे तयार. फक्त वरचे सामान काढून नवे बसवायचे.

कॉव्हेंट्री पोर्ट्समथच्या गोदीत गेली आणि कर्ल्यू चॅटमच्या. सहा इंची तोफा आणि टॉर्पेडो नळ्या उतरवल्या. त्यांच्या जागी सुट्या, एकनळी चार इंची तोफा आल्या. या तोफांची नळी ८० अंशांपर्यंत वर जाई. अशा दहा तोफा, शिवाय जवळच्या माऱ्यासाठी आठ नळ्यांचे दोन पॉमपॉम (भराभर मारा करणाऱ्या लहान तोफा), आणि मारा जुळवण्यासाठी पुढे-मागे एकेक डायरेक्टर, म्हणजे लक्ष्यावर नजर ठेवून तोफांना नेम देणारी उंचावरची पेटी. सहा इंची गोळा ४५ किलोचा, चार इंची गोळा १४ किलोचा. वजन घटले, पण एका मिनिटात आकाशात जाणाऱ्या गोळ्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढली.

तक्रारही लगेच दिसली. दहा सुट्या तोफा म्हणजे दहा गोलंदाज तुकड्या, गोळे वाहण्याच्या दहा वाटा, आणि डेकवर नुसती दाटी. म्हणून पुढच्या चार जहाजांवर तोफा जोडीने बसवल्या. मध्यरेषेवर चार जोड्या, म्हणजे आठ नळ्या, आणि चार नळ्यांचा एक पॉमपॉम. दोन नळ्या कमी झाल्या, पण तोफ नवी आणि गोळा थोडा जड, आणि डेकवर माणसाला हलायला जागा. कैरो आणि कलकत्ता युद्धाच्या तोंडावर तयार झाल्या. कार्लाइल आणि क्युरासोआ १९४० च्या सुरुवातीपर्यंत.

गणित कुठे अडले

तोफांपेक्षा मोठा प्रश्न डोळ्यांचा आणि हिशेबाचा होता. चार-पाच किलोमीटरवरच्या विमानापर्यंत पोचायला गोळ्याला आठ-दहा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी ४०० किलोमीटरने जाणारे विमान साधारण एक किलोमीटर पुढे सरकलेले असते. त्यामुळे तोफ रोखायची ती विमान जिथे आहे तिथे नव्हे, जिथे असेल तिथे. आणि गोळ्यातला फ्यूज आधीच इतक्या सेकंदांवर लावून ठेवायचा की गोळा नेमका तिथेच फुटावा. ब्रिटिशांच्या गणकयंत्रात हा हिशेब एका गृहीतावर उभा होता: विमान एकाच उंचीवर, एकाच वेगाने, सरळ रेषेत येणार. त्याचा वेग आणि दिशा डायरेक्टरमधला माणूस बऱ्याच अंशी अंदाजाने भरायचा.

उंचावरून फळी धरून येणाऱ्या बाँबर विमानांसाठी हे गृहीत चालण्यासारखे होते. सरावाचे लक्ष्यही तसेच होते. ‘क्वीन बी’ नावाचे बिनमाणशी, दोन पंखी विमान, वेग ताशी १०० मैलांच्या आसपास. शिस्तीत, सावकाश जाणारे. पण थेट डोक्यावरून सूर मारत खाली येणारे जर्मन श्टुका विमान उंचीही बदलते आणि वेगही. यंत्राला ते कळतच नसे. मग एकच मार्ग उरायचा. विमान ज्या वाटेने येणार त्या वाटेवर ठरावीक अंतरावर गोळे फोडून स्फोटांची भिंत उभी करायची, आणि त्यातून यायला वैमानिक कचरेल अशी आशा ठेवायची.

आशा अगदीच खोटी नव्हती. विमान पडले नाही तरी वैमानिकाने बाँब लवकर सोडला तर जहाज वाचते. विमानविरोधी जहाजाचे यश पाडलेल्या विमानांत मोजणे मला म्हणूनच चुकीचे वाटते. खरा हिशेब न बुडालेल्या जहाजांचा असतो, आणि तो कुठल्याच तक्त्यात बसत नाही.

नॉर्वे: आकाश दिसेना

एप्रिल-मे १९४० मध्ये या क्रूझर नॉर्वेच्या खाड्यांमध्ये गेल्या. ओंडाल्सनेस आणि नामसोस ही छोटी बंदरे, तिथे उतरलेल्या सैन्याला लढाऊ विमानांचे छत्र जवळपास नाही, तेव्हा आकाशाची जबाबदारी जहाजांवर. दोन्ही बाजूंना उभे डोंगर. विमान कड्यावरून डोकावले की बाँब पडेपर्यंत काही सेकंदच मिळत. अरुंद पाण्यात वळायला जागा नाही, आणि एका ठिकाणी उभे राहून पहारा द्यायचा. चार किलोमीटर लांबून मारा जुळवणारी सगळी व्यवस्था तिथे निरुपयोगी ठरली.

क्युरासोआला २४ एप्रिलला ओंडाल्सनेसजवळ बाँब लागला आणि ती कशीबशी परतली. कर्ल्यू २६ मे रोजी नार्विकच्या परिसरात स्कॉनलंड इथे बांधल्या जाणाऱ्या धावपट्टीचा पहारा करत असताना युंकर्स ८८ या जर्मन विमानांच्या बाँबने बुडाली. सहांतली पहिली गेली. लढाऊ विमानांसाठी जागा तयार व्हावी म्हणून जहाजाने आपला जीव घातला, यातच त्या मोहिमेचे दुखणे कळते. जिथे विमाने हवीत तिथे तोफा पाठवल्या होत्या.

क्रीट: यंत्रांचे वय

तोफा १९३९ च्या आणि बॉयलर पहिल्या महायुद्धाच्या वेळचे, ही विसंगती सर्वांत उघडी पडली ती भूमध्य समुद्रातल्या क्रीट बेटाच्या लढाईत. २२ मे १९४१ च्या सकाळी रिअर ॲडमिरल किंग यांचा गट बेटाच्या उत्तरेला होता. त्यात नवी डायडो वर्गाची नायड, ऑस्ट्रेलियाची पर्थ, आपल्या गोष्टीतल्या कलकत्ता आणि कार्लाइल, आणि विनाशिका. जर्मन सैनिकांनी भरलेल्या छोट्या होड्यांचा दुसरा काफिला त्यांना दिसला. बाँबहल्ले सकाळपासून चालूच होते. किंग यांनी पाठलाग सोडून माघार घेतली. कारणे दोन होती: विमानविरोधी दारूगोळा आटत चालला होता, आणि सगळ्या गटाचा वेग वीस-एकवीस नॉटांवर अडला होता, कारण कार्लाइल त्याहून जास्त देऊ शकत नव्हती.

भूमध्य ताफ्याचे प्रमुख कनिंगहॅम यांना हा निर्णय रुचला नाही. शत्रूच्या होड्यांच्या गर्दीत घुसणेच त्या वेळी सर्वांत सुरक्षित होते, असे त्यांचे मत. होड्याही अखेर मागे फिरल्या, त्यामुळे किंग यांच्या माघारीने क्रीट हातचे गेले असे म्हणता येणार नाही. पण परतताना गटाला तासन्‌तास मार खावा लागला. नायडचे नुकसान झाले, कार्लाइलवर बाँब पडून तिचे कॅप्टन हॅम्प्टन मारले गेले.

ज्या जहाजाला संरक्षणासाठी बरोबर घेतले त्याच्यामुळे सगळे सावकाश चालतात, आणि सावकाश चालल्यामुळे सगळ्यांना संरक्षण जास्त लागते. रूपांतराच्या कागदावर हा खर्च कुणी मांडला नव्हता.

चार दिवस आधी, १८ मे रोजी, क्रीटच्या दक्षिणेला कॉव्हेंट्री ‘आबा’ या रुग्णालय जहाजाच्या मदतीला धावली होती. श्टुकांनी आबा सोडून कॉव्हेंट्रीवर मशीनगन चालवल्या. डायरेक्टरमध्ये बसलेल्या पेटी ऑफिसर आल्फ्रेड सेफ्टन यांच्या शरीरातून गोळी आरपार गेली. वेदनेने डोळ्यांपुढे अंधारी येत असतानाही हल्ला संपेपर्यंत ते जागेवरून हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या जहाजांचा मेंदू म्हणजे उंचावरच्या एका उघड्या पेटीत बसलेली चार-पाच माणसे होती, हे त्या प्रसंगाने जितके कळते तितके कुठल्या आराखड्याने कळणार नाही.

१ जून १९४१ ला क्रीट सोडून येणाऱ्या शेवटच्या जहाजांना सोबत करायला कलकत्ता आणि कॉव्हेंट्री अलेक्झांड्रियाहून निघाल्या. किनाऱ्यापासून सुमारे शंभर मैलांवर दोन युंकर्स ८८ सूर्याच्या दिशेकडून आली. पहिलीचे बाँब चुकले, दुसरीचे दोन लागले, आणि कलकत्ता काही मिनिटांत बुडाली. कॉव्हेंट्रीने २५५ जणांना पाण्यातून काढले. तीच कॉव्हेंट्री पुढे सप्टेंबर १९४२ मध्ये लिबियातल्या टोब्रुकवरच्या छाप्यात बाँब लागून पेटली आणि ‘झुलू’ या ब्रिटिश विनाशिकेलाच तिला बुडवावे लागले.

कैरो: तोफांमुळे नव्हे, रेडिओमुळे महत्त्वाची

ऑगस्ट १९४२ मध्ये माल्टाला रसद पोचवण्यासाठी चौदा व्यापारी जहाजांचा काफिला निघाला. मोहिमेचे नाव पेडेस्टल. कैरो त्यात होती, आठ चार इंची तोफांसह. पण खरी गोम तिच्या रेडिओत होती. माल्टाहून येणाऱ्या लढाऊ विमानांशी बोलून त्यांना शत्रूच्या विमानांवर वळवण्याची सोय शेवटच्या टप्प्यातल्या फक्त दोन जहाजांवर होती: कैरो आणि नायजेरिया.

१२ ऑगस्टच्या संध्याकाळी इटालियन पाणबुडी ‘अक्सुम’ने चार टॉर्पेडो सोडले. एकाच फेकीत नायजेरिया, कैरो आणि ‘ओहायो’ ही तेलवाहू, तिघी सापडल्या. कैरोचा मागचा भाग उडाला आणि तिला स्वकीयांनीच बुडवले. नायजेरिया जिब्राल्टरला परतली. त्यानंतर माल्टाची विमाने वर घिरट्या घालत होती, पण त्यांना ‘तिकडे वळा’ म्हणणारे कोणी उरले नव्हते. तिन्हीसांजेच्या हवाई हल्ल्यात काफिल्याची घडी विस्कटली. चौदांपैकी पाच जहाजे माल्टाला पोचली.

आठ तोफा गेल्याने जे बिघडले त्याहून जास्त एक रेडिओ-कक्ष गेल्याने बिघडले. १९३५ ला दहा तोफा मोजून जहाज आखणाऱ्यांच्या स्वप्नातही हे आले नसावे.

वाचकांपैकी काहींनी त्या जखमी नायजेरियाला नकळत पाहिलेही असेल. दुरुस्त होऊन ती १९५७ मध्ये भारतीय नौदलात ‘आयएनएस म्हैसूर’ म्हणून दाखल झाली आणि १९७१ च्या युद्धात पश्चिमी ताफ्याची ध्वजनौका होती. मुंबई बंदरात ती वर्षानुवर्षे उभी असे.

क्युरासोआ: अडीच नॉटांचा फरक

२ ऑक्टोबर १९४२. आयर्लंडच्या उत्तरेला क्युरासोआ ‘क्वीन मेरी’ या महाकाय प्रवासी जहाजाला विमानांपासून सांभाळत पुढे चालली होती. क्वीन मेरीवर हजारो अमेरिकन सैनिक होते. पाणबुड्यांना चुकवण्यासाठी ती साडेअठ्ठावीस नॉटांनी नागमोडी धावत होती. क्युरासोआला फार तर सव्वीस नॉट जमत. म्हणून तिने सरळ वाट धरली आणि मोठ्या जहाजाला मागून गाठू दिले. विमानविरोधी तोफांचा उपयोग व्हायचा तर जवळ राहणे भाग होते. दोघांनीही समजून घेतले की वाट समोरचा देईल. क्वीन मेरीने तिला मधोमध चिरले. पाणबुड्यांच्या भीतीने थांबायचे नाही असा हुकूम असल्याने क्वीन मेरी तशीच पुढे गेली. तीनशेहून जास्त माणसे मेली, शंभरेक वाचली. बातमी युद्ध संपेपर्यंत दाबून ठेवली होती.

न्यायालयात पहिल्यांदा सगळा दोष क्युरासोआवर गेला. अपिलात दोन तृतीयांश तिच्यावर आणि एक तृतीयांश क्वीन मेरीवर. १९४९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे त्या वेळच्या ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने, तो निकाल कायम केला. निकाल नौकानयनाच्या नियमांचा आहे आणि त्यात खोट काढायची माझी पात्रता नाही. पण आपल्याहून वेगवान जहाजाच्या रक्षणाला सावकाश जहाज नेमणाऱ्यांचा वाटा त्या अपूर्णांकांत कुठेच नाही.

दिल्ली ब्रुकलिनला जाऊन आली

याच सुमारास एक वेगळा प्रयोग झाला. ‘डी’ वर्गाची दिल्ली, म्हणजे ‘सी’ वर्गाचीच थोडी मोठी बहीण, १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन गोदीत गेली. (स्वतंत्र भारताची पहिली ‘आयएनएस दिल्ली’ ती हीच, असे काही ठिकाणी छापलेले दिसते, ते चूक आहे. आपली दिल्ली म्हणजे पूर्वीची अकिलीस.) तिच्यावर अमेरिकन विनाशिकांवरच्या पाच इंची तोफा बसवल्या, फक्त पाच. पण सोबत दोन मार्क ३७ डायरेक्टर आणि त्यांचे गणकयंत्र आले. ते विमानाचा वेग आणि दिशा अंदाजाने भरत नसे. लक्ष्याचा माग धरून मोजत असे. तोफा यंत्रशक्तीने फिरत.

ब्रिटिश अधिकाऱ्यांना ही व्यवस्था भावली. तरी दुसरी ‘दिल्ली’ झाली नाही, कारण अमेरिका स्वतः युद्धात उतरली आणि असा प्रत्येक तोफांचा संच तिलाच हवा होता. ब्रिटिश यंत्रणेच्या डायरेक्टरांना रडार जोडून अंतर नेमके कळण्याची सोय झाली आणि त्याने बराच फरक पडला, पण मूळ गणित तेच राहिले.

चार इंची जोडतोफा मात्र सगळीकडे पसरल्या. रॉयल इंडियन नेव्हीच्या ‘जमुना’ आणि ‘सतलज’ या स्लूपांवर (काफिल्यांना सोबत करणाऱ्या छोट्या युद्धनौकांवर) अशाच तीन जोड्या होत्या, आणि जुलै १९४३ मध्ये सिसिलीच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या सैन्याला त्यांनी संरक्षण दिले. या नौदलाची खलाशी भरती पूर्वापार रत्नागिरी जिल्ह्यातून होत आली होती. भूमध्य समुद्रातल्या तोफांच्या या कहाणीत कोकणी माणूस शोधायचा तर तो क्रूझरांवर नव्हे, या छोट्या जहाजांवर सापडेल.

शेवटची फेरी

१९४२–४३ मध्ये आणखी दोन ‘सी’ क्रूझर, कॅलेडन आणि कोलंबो, गोदीत घेतल्या गेल्या. आता चार इंची जोड्या तीनच. राखलेले वजन आणि जागा गेली ती दोन दुहेरी ४० मिलिमीटर बोफोर्स तोफांना आणि २० मिलिमीटर ओरलिकॉन तोफांना. बोफोर्सचे हे माउंट (तोफेची बैठक) डच बनावटीच्या हेझमायर पद्धतीचे. जहाज डोलले तरी स्वतःला सावरणारे, आणि मारा जुळवण्याची यंत्रणा त्याच्याच अंगावर. डोक्यावर येणाऱ्या विमानाला शेवटच्या दोन किलोमीटरांत गाठायचे, हे नॉर्वे आणि क्रीटने शिकवलेले त्या आराखड्यात उतरले होते. जवळच्या माऱ्याचा नेमका हाच थर आधीच्या सहा जहाजांवर सर्वांत पातळ होता, आणि त्यांतल्या तिघी बाँबने बुडाल्या. कार्लाइलचेही तेच झाले: ऑक्टोबर १९४३ मध्ये स्कार्पांटोच्या सामुद्रधुनीत श्टुकांनी तिला इतके मोडले की ती अलेक्झांड्रियात नुसती तळाची नौका म्हणून राहिली.

ऑगस्ट १९४४ मध्ये दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर दोस्तांचे सैन्य उतरले, तेव्हा विमानवाहू जहाजांच्या गटाला सोबत करायला कॅलेडन, कोलंबो आणि दिल्ली तिघीही होत्या. रूपांतराची सर्वांत पक्व रूपे एका ठिकाणी होती, आणि त्यांनी ज्या लढाऊ विमानांची पाठराखण केली तीच आता आकाश सांभाळत होती. जर्मन विमाने तोवर इतकी विरळ झाली होती की तोफांना काम थोडेच मिळाले. दिल्लीला शेवटचा मोठा घाव फेब्रुवारी १९४५ मध्ये स्प्लिट बंदरात बसला, तोही विमानाचा नव्हे, स्फोटके भरून आदळवलेल्या मोटरबोटीचा. १९४८ मध्ये ती भंगारात विकली गेली.